मागच्या खोलीतला वास

नाकताईंना कशाचीच किळस येत नाही, असं त्यांच्या कामावर सगळे म्हणायचे. कामच तसं होतं. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाई विभाग. तिथे मधोमध भिंत आणि त्या भिंतीत बसवलेली दोन तोंडांची यंत्रं. अलीकडच्या तोंडातून मळके कपडे आत ढकलायचे, पलीकडच्या तोंडातून धुतलेले बाहेर काढायचे. अलीकडची ती मळकी बाजू, पलीकडची ती स्वच्छ बाजू. नव्या बायका मळक्या बाजूला चार दिवस टिकल्या तर टिकल्या, मग डोळ्यांत पाणी आणून साहेबांकडे, की आम्हाला पलीकडे टाका. नाकताईंनी उभी हयात मळक्या बाजूला काढली. रक्त, पू, ओकारी आणि माणसाच्या आतून जे जे म्हणून बाहेर येतं ते सगळं त्यांच्या हातमोज्यांखालून गेलेलं. चादरींच्या गुंडाळ्यांतून त्यांनी कवळ्या काढून दिल्या होत्या, कानातली यंत्रं काढून दिली होती, एकदा एका आजीबाईंची अंगठीही. गठ्ठा सोडायच्या आधी नुसत्या वासावरून आत काय आहे ते सांगायच्या, म्हणून नाव पडलं नाकताई.

"आजाऱ्याची घाण ही घाण नसते," त्या नव्या बायकांना दटावायच्या. "ते बिचारं काय मुद्दाम करतं? मुद्दाम केली तर ती घाण. चला, नाकं मुरडू नका, हात चालवा."

आणि अशा या बाईला घरी आल्यावर, स्वतःच्याच घरातल्या मागच्या खोलीच्या दाराशी शिसारी यायची. त्या खोलीत त्यांचा नवरा सायकल चालवायचा.

नवऱ्याला सगळा गाव मास्तर म्हणायचा. मोटार शिकवायची शाळा होती त्यांची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाशी आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि "आरशात बघा, मागे कोण आहे ते बघा" असं घोकत राहायचं. बसून बसून पोट सुटलं. डॉक्टर म्हणाले, जरा चालत जा. आता डॉक्टरनं चाल म्हटलं की साधा माणूस चालतो आणि गप्प बसतो. मास्तर पोलादी मंडळात गेले.

पोलादी मंडळ म्हणजे पन्नाशीकडे झुकलेले, घरात कुणी विचारत नसलेले पुरुष. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे, दिवसा तो फरशा विकायचा. त्या सगळ्यांना ट्रायथलॉनचं वेड. तेही साधंसुधं नाही, लांब पल्ल्याचं. आधी तळ्यात चारेक किलोमीटर पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसून एकशेऐंशी किलोमीटर हाणायची आणि उतरल्यावर जेव्हा माणसाला सरळ उभंही राहता येत नाही, तेव्हा अख्खी मॅरेथॉन पळायची. कशासाठी, तर एक पदक आणि एक बनियन. हौसेला मोल नसतं हे नाकताईंनी ऐकलं होतं. हौसेला वास असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शर्यत उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे सराव अख्खा हिवाळाभर. बाहेर धुकं, रस्ते निसरडे, सकाळ उजाडता उजाडत नाही. मग मास्तरांनी सायकल मागच्या खोलीत आणली, तिचं मागचं चाक काढलं, तिला एका लोखंडी घोड्यावर चढवलं, समोर डोंगरातला रस्ता दाखवणारा पडदा लावला आणि बाजूला पंखा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथे व्याह्याची गरजच पडली नाही. त्या घोड्यावर मास्तर जागच्या जागी पाय मारायचे आणि घाम गाळायचे. घाम म्हणजे तरी किती असावा? हनुवटीवरून, कोपरांवरून, नाकाच्या शेंड्यावरून टपटप खाली. खालची चटई भिजायची, वाळायची, पुन्हा भिजायची. खोलीत पाऊल टाकलं की चप्पल चिकटायची. त्यात ताकदीसाठी म्हणून गोड चिकाच्या पुड्या फाडून ते चोखायचे आणि रिकाम्या पुड्या तिथेच टाकायचे, त्यांना मुंग्या.

बरं, खोलीपुरतं राहिलं असतं तर दार लावून घेतलं असतं. पण न्हाणीघरात पोहण्याचा काळा रबरी सूट टांगलेला, त्याच्या पायांतून तलावाचं पाणी ठिबकतंय. फ्रिजच्या दारात मांड्यांना लावायचं मलम, कारण गार लावलं की बरं वाटतं. जेवायला बसलं की मास्तर कुठे काय सोलवटलं ते सांगणार आणि कॅप्टनला पळताना जुलाब कसे झाले तेही, हातवारे करून. एक दिवस साबणाच्या डबीत काळं ठिक्कर पडलेलं अंगठ्याचं नख सापडलं.

"टाकू नको गं ते," मास्तर बाहेरून ओरडले. "फोटो काढायचाय."

नखं गळली म्हणजे सराव पक्का, असा मंडळात समज होता. त्या नखाचा फोटो सगळ्यांना गेला आणि सगळ्यांनी शाबासकी दिली. नाकताईंनी साबण फेकून नवीन काढला.

तरी हे सगळं त्यांनी गिळलं असतं. नवरा आहे, वय झालंय, खूळ आहे, नव्याचे नऊ दिवस जातील. पण ती खोली आबांची होती.

आबा म्हणजे नाकताईंचे वडील. जन्मभर एका सिनेमागृहात दारावर होते. अंधारात बॅटरीचा उजेड लोकांच्या पायाशी धरायचा आणि त्यांना त्यांच्या खुर्चीपर्यंत न्यायचं, कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडू द्यायचा नाही. माणूस टापटिपीचा. शर्टाला कडक इस्त्री, खिशात कंगवा. आई गेल्यापासून ते नाकताईंच्या धाकट्या भावाकडे राहत होते. आणि मागच्या वर्षापासून त्यांना रात्री झोपेत कपड्यांत व्हायला लागलं.

भावजयीनं दोनदा गादी बदलली. तिसऱ्यांदा तिनं पोरांच्या देखत तोंडावर सांगितलं, की आबा, आता माझ्याच्यानं होत नाही. आबांनी मान खाली घातली आणि कंगवा काढून केसांवरून फिरवला. दुसरं काय करणार? भावानं नाकताईंना फोन केला. नाकताई त्याच क्षणी म्हणाल्या, की आण इकडे, मागची खोली रिकामीच आहे. आणि संध्याकाळी घरी आल्या तर खोलीत लोखंडी घोडा उभा.

"माझा विरोध नाही," मास्तर म्हणाले. विरोध नाही म्हणणाऱ्याचा 'पण' मागून येतोच, म्हणून नाकताई थांबल्या. "पण एवढा हिवाळा जाऊ दे. शर्यत झाली की खोली त्यांचीच. आणि खरं सांगू का, आबांबद्दल मला आदर आहे, पण तो वास मला सहन व्हायचा नाही. मी सराव करताना खोल श्वास घेतो. माझ्या फुप्फुसांत काय जाणार, तूच सांग."

"धुवायला मी आहे ना. जन्मभर तेच केलंय."

"धुणं वेगळं, वास वेगळा. वास भिंतीत मुरतो."

नाकताई तेव्हा भांडल्या नाहीत. तिथेच चुकलं त्यांचं. आबांची सोय तात्पुरती म्हणून वृद्धांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेत झाली. एका खोलीत चार पलंग, फिनेलचा वास, खिडकीत एक कुंडी. दर रविवारी नाकताई जायच्या. आबांची पिशवी पलंगाखाली भरलेलीच असायची. शर्ट लागले की त्यातून काढायचे, धुऊन आले की परत त्यातच घडी घालून ठेवायचे.

"कपाट दिलंय ना आबा तुम्हाला?"

"असू दे गं. आता शर्यत झाली की निघायचंच आहे." मग शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांना सांगायचे, "आमचे जावई मोठ्या शर्यतीत उतरतायत. त्यांचा सराव चाललाय, म्हणून मी इथे." त्यात तक्रारीचा सूर नसायचा, कौतुकच असायचं. नाकताईंना ते ऐकवत नसे.

थंडी वाढत गेली तसे आबा वाळत गेले. ओठांना भेगा पडल्या, जीभ जड झाली. एका रविवारी तिथल्या नर्सनं नाकताईंना बाजूला घेतलं.

"ताई, आबा पाणी पीत नाहीत. आमच्यासमोर पेला तोंडाला लावतात आणि आम्ही वळलो की कुंडीत ओततात. लघवीला जळजळ होते, दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील."

नाकताई पलंगावर जाऊन बसल्या. कुंडीतलं रोप चांगलं तरारलेलं होतं.

"आबा, पाणी का पीत नाही?"

आबांनी कुंडीकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "प्यायलं की होतं गं. इथल्या मुली चांगल्या आहेत, रागावत नाहीत. पण चादर काढताना एकमेकींकडे बघतात. इतके लोक आहेत इथे, पण हे असलं माझंच. तहान काय, मारता येते."

त्या संध्याकाळी नाकताईंनी मास्तरांपुढे विषय काढला. मास्तर पोटऱ्यांना तेल चोळत होते. म्हणाले, आत्ता सरावाचा सगळ्यात अवघड टप्पा आहे, आत्ता खोली हलवली तर सगळं मुसळ केरात. म्हणाले, संस्थेला पत्र लिहू, पाण्याकडे लक्ष द्यायला सांगू. आणि उठून त्यांनी स्वतःसाठी दोन बाटल्या पाणी भरलं, त्यात मीठसाखरेची पूड ढवळली. अंगातलं पाणी कमी झालं तर माणूस संपतो, असं कॅप्टन नेहमी सांगतो म्हणे. सांगत असेल. नाकताईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या उठून भांडी घासायला गेल्या.

त्याच सुमाराला मागच्या खोलीत नवा वास आला. आधीचे तीन, घामाचा, रबराचा आणि गोड चिकाचा. त्यांची एकमेकांत भेसळ झाली तरी नाकताईंना ते वेगळे ओळखू यायचे. हा चौथा होता. डोळ्यांना झोंबणारा, जुना, बसलेला. कामावर रोज नाकाखालून जाणारा. पण आपल्या घरात, जिथे आजारी कुणी नाही, लहान मूल नाही, मांजरसुद्धा नाही, तिथे तो कुठून येणार? नाकताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नाकावर अविश्वास दाखवला. मोरी तुंबली असेल म्हणाल्या आणि नळवाल्याला बोलावलं.

नळवाला आला. त्यानं खोलीलगतच्या मोरीची जाळी काढली, हात कोपरापर्यंत घातला, टॉर्च मारला, पाणी सोडून बघितलं. मास्तर शेजारी उभे, कपाळाला आठ्या, अगदी काळजीत.

"पाईप साफ आहे ताई," नळवाला म्हणाला. "खालून काही येत नाही. जे काय आहे ते इथे वरच आहे."

"जुनं बांधकाम आहे हो," मास्तर म्हणाले. "कुठून तरी मुरत असणार."

नळवाल्यानं एकदा त्या चटईकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे, आणि हात धुऊन निघून गेला. जाताना त्यानं चहा नको म्हटलं. चहा नको म्हणणारा नळवाला नाकताईंनी याआधी पाहिला नव्हता.

मग एका शनिवारी धुलाई विभागाचा बॉयलर बंद पडला. वाफ नाही तर काम नाही, सगळ्यांना घरी सोडलं. नाकताई नेहमीपेक्षा खूप लवकर घरी आल्या. मागच्या खोलीतून पंख्याचा घरघराट येत होता. त्यांनी दार ढकललं.

मास्तर घोड्यावर होते. गळ्यात टॉवेल, नजर पडद्यावरच्या डोंगरात, पाय गरगर फिरतायत. आणि त्यांच्या तंग चड्डीच्या कडेखालून एक धार मांडीवरून गुडघ्याशी, गुडघ्यावरून पोटरीवर, मोज्यात, बुटात आणि बुटाच्या टोकावरून चटईवर. घाम असा एकाच पायावरून येत नाही, आणि त्याला वाफ येत नाही. थंडीच्या खोलीत ती वाफ स्पष्ट दिसत होती.

"काय करताय?" नाकताईंचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

मास्तर दचकले, पण पाय थांबले नाहीत. "थांब जरा. मध्ये थांबायचं नसतं."

आणि पाय मारता मारता, धापा टाकत, त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. शिकाऊ माणसाला गिअर समजावून सांगतात त्या सुरात. शर्यतीत सायकलवरून खाली कुणी उतरत नाही. उतरलं की वेळ जातो. मोठेमोठे गडी चालत्या सायकलवरच उरकून घेतात आणि बाटलीतलं पाणी अंगावर ओततात. पण अंगाला सवय नसते. लहानपणी आईनं जे शिकवलेलं असतं ते इतकं घट्ट बसलेलं असतं, की बसल्या जागी काही केल्या सुटत नाही. त्याचाही सराव लागतो. कॅप्टन म्हणाले, हिवाळ्यात घरातल्या घरात करून घ्या, म्हणजे शर्यतीत अडायला होत नाही.

"कधीपासून?"

"नवीन वर्ष लागल्यापासून. आता जमतंय बऱ्यापैकी."

"आणि नळवाला?"

मास्तरांनी गिअर बदलला.

मळक्या बाजूला जन्म काढलेली ती बाई न्हाणीघरात गेली, बेसिन धरून वाकली आणि भडाभडा ओकली. शेजारी रबरी सूट ठिबकत होता. तोंड धुऊन त्या परत आल्या तेव्हा मास्तर अजून डोंगर चढत होते. नाकताईंनी भिंतीतलं बटण बंद केलं. पंखा थांबला, पडदा काळा झाला. खोलीत नुसता वास उरला.

"तुम्हाला आबांचा वास सहन होणार नव्हता," त्या म्हणाल्या.

"ते वेगळं आहे अगं."

"काय वेगळं आहे?"

"त्यांच्याकडून होतं." मास्तर टॉवेलनं तोंड पुसत होते. "मी ठरवून करतो. फरक आहे."

लोकांना आरशात बघा म्हणून सांगणारा हा माणूस. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि हे तर कोरडेसुद्धा नव्हते. नाकताई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांना वाटलं, या माणसाच्या ताटात आपण इतकी वर्षं वाढलं, याच्या उशीला उशी लावून झोपलो.

"आहे ना फरक," त्या म्हणाल्या. "त्यांना लाज वाटते. एवढी, की तो माणूस तहानेनं मरायला निघालाय. आणि तुम्ही बाटल्या ढोसून माझ्या बापाच्या खोलीत मुतताय. पदकासाठी. मला तुमची किळस येते. रागबिग नाही, किळस. आबा उद्या येतायत."

"उद्या? आणि सायकल?"

"जिन्याखाली."

"जिन्याखाली गारठा असतो गं."

"पोलादाला कसला आलाय गारठा?"

मास्तरांनी कॅप्टनला फोन करू का असं विचारलं. मग बायकोचा चेहरा बघून फोन खिशात घातला.

चटई कचऱ्यात गेली. खालची जमीन लाकडी फळ्यांची, आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीत सगळं उतरलेलं. नाकताईंनी सोडा आणला, व्हिनेगर आणलं, उकळतं पाणी आणलं आणि घासणी मास्तरांच्या हातात दिली. मास्तर गुडघ्यांवर बसून घासत होते आणि मध्येच उमासा येऊन तोंड फिरवत होते. स्वतःचंच होतं, तरी. नाकताई दारात उभ्या राहून "तिकडे राहिलं, कोपऱ्यात बघा" एवढंच म्हणत होत्या. अंधार पडेपर्यंत ते चाललं. पलंग आला, स्वच्छ बाजूकडच्या बायकांनी दिलेली पांढरी चादर आली, गादीवर रबरी कापड आलं. वास बराच गेला. पण बराच म्हणजे सगळा नव्हे. मास्तर बरोबर म्हणाले होते, वास मुरतो.

दुसऱ्या दिवशी आबा आले. नाकताईंनी त्यांना गाडीतून उतरवलं, मास्तरांनी पिशवी घेतली. आबांनी जिन्याखालची सायकल बघून मान डोलावली, जावयाला विचारलं, "झाली का शर्यत?" आणि उत्तराची वाट न बघता आत आले. मागच्या खोलीत पलंगावर बसले. गादी दाबून बघितली. खिडकी बघितली. "छान आहे की," म्हणाले आणि कंगवा काढला.

तो केसांपर्यंत पोचलाच नाही. लेकीचं नाक कुणावर गेलं होतं ते त्या क्षणी कळलं. आबांनी एकदा श्वास आत घेतला, पुन्हा घेतला. चेहरा उतरला. त्यांनी हळूच एक हात मागे नेला आणि पँट चाचपली. कोरडी होती. तरी पुन्हा चाचपली.

"अगं," ते पुटपुटले, "माझ्याकडून काही झालं का? मला कळलंच नाही बघ."

मास्तर दारात उभे होते, हातात आबांची पिशवी. नाकताईंनी त्यांच्याकडे बघितलं. बोला आता, असं ते बघणं होतं. कालपर्यंत केवढं तोंड चालत होतं, वेळ वाचतो काय, सराव लागतो काय. मास्तर फळ्यांकडे बघत राहिले. आबा उठायला लागले, चादर ओढायला लागले, आल्या पावली आपली घाण आवरायला निघाल्यासारखे.

"बसा आबा," नाकताई म्हणाल्या. "तुमचं नाही ते. ह्यांचं आहे."

आबा थांबले. त्यांनी जावयाकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. मास्तरांचे कान लाल झाले. नाकताई वाट बघत होत्या, की आता आबाही तोंड फिरवतील, त्यांनाही शिसारी येईल, येऊ दे. पण आबांचा चेहरा हळूहळू सैल पडला. संस्थेत गेल्यापासून नाकताईंनी तो तसा बघितला नव्हता.

"जावईबापू," त्यांनी शेजारची गादी थोपटली. "इकडे या. बसा."

मास्तर बसले.

"किती दिवस चाललंय?"

"नवीन वर्षापासून," मास्तर म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"आणि कुणाला बोलला नाहीत." आबांनी त्यांचं मनगट धरलं. "मीही नव्हतो बोललो. पहाटे उठून चादर पंख्याखाली वाळवत बसायचो. वाटायचं, जगात हे असं माझंच. तुम्ही घरातले असून मला पत्ता नाही. वाईट वाटून घेऊ नका. होतं वयानं. तुमचं जरा लवकर आलं, एवढंच."

मग त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. घडी घातलेल्या शर्टांच्या खालून कागदात गुंडाळलेला एक गठ्ठा काढला, त्यातला एक जाड पांढरा लंगोट वेगळा केला आणि जावयाच्या हातात ठेवला.

"हे घ्या. हे चांगले असतात, बाहेरून दिसत नाहीत. माझ्याकडे आहेत भरपूर."

मास्तरांनी तोंड उघडलं. काय येणार आहे ते नाकताईंना दिसत होतं. आबा, तसं नाही, मी ते मुद्दाम करतो, शर्यतीत सगळेच करतात. पोलादी माणूस तो, म्हाताऱ्याचा लंगोट हातात धरून कसा बसेल? आणि ते वाक्य बाहेर पडलं, की आबा या खोलीत पुन्हा एकटे पडणार होते. नाकताईंनी श्वास रोखून धरला. मास्तरांनी हातातल्या वस्तूकडे बघितलं, मग मनगटावरच्या त्या सुरकुतलेल्या बोटांकडे. बोटं घट्ट होती.

"हो आबा," मास्तर म्हणाले. "होतं कधी कधी."

नाकताईंनी माफ केलं असं कुणी समजू नये. किळस होती तिथेच होती, आणि जिन्याखाली सायकल घरघरायला लागली की पुढेही त्यांच्या कपाळाला आठी पडायचीच. पण त्या एका वाक्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

आबांनी कंगवा केसांवरून फिरवला आणि खिशात ठेवला. जिभेनं ओठ ओले करायला बघितले, ते झाले नाहीत.

"अगं, जरा पाणी देतेस?"

नाकताईंनी पेला भरून आणला. आबांनी इकडेतिकडे बघितलं नाही. एका दमात पेला रिकामा केला, घटाघटा, गळ्याची घाटी वरखाली होत होती. मग रिकामा पेला पुढे केला.

"अजून दे. आणि ह्यांनाही दे," ते जावयाकडे बोट दाखवून म्हणाले. "घाबरून पाणी प्यायचं सोडतात माणसं."